समुद्रकिनारी पाच रात्री, दहा हजारांच्या आत

जबलपूरजवळच्या शहपुऱ्यात किंवा अशाच एखाद्या आतल्या गावात राहणाऱ्या मराठी घरांत नदी रोजची असते, समुद्र मात्र क्वचितचा. लग्नानंतरची सहल, आई-बाबांच्या निवृत्तीनंतरची सहल किंवा ऑफिसच्या सुट्टीच्या सवलतीवर केलेली एखादी गोवा-वारी, एवढ्यावरच बहुतेकांची समुद्राशी ओळख संपते. कारण मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो. समुद्र म्हणजे हॉटेल, टॅक्सी, वॉटर स्पोर्ट्स आणि निदान पंचवीस-तीस हजारांचा फटका.

नुकती नोकरी लागलेल्या मुलीने किंवा मुलाने "मी पाठीवर बॅग टाकून आठवडाभर समुद्राकाठी राहून येते" असं म्हटलं, की घरात दोन प्रश्न हमखास येतात. पैसे कुठून आणणार? आणि एकटीने जायचं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना नीट उत्तरं आहेत. बॅकपॅकिंग हे फक्त परदेशी पाहुण्यांचं काम, असं समजायचं कारण नाही. कमी सामान, स्वस्त प्रवास, साधी खोली आणि भरपूर वेळ, एवढाच त्याचा अर्थ. त्यातला 'भरपूर वेळ' हा भाग आपण विसरतो आणि तिथेच खर्च वाढतो.

हे सगळं जमवण्यासाठी मराठी माणसाला सर्वांत सोयीचं गाव कोणतं, असं विचाराल तर उत्तर आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं मालवण.

मालवणच का?

गोव्यात हरमल किंवा पाळोळे, कर्नाटकात गोकर्ण ही बॅकपॅकर मंडळींची जुनी ठिकाणं आहेत. तिथे एका खोलीत सहा-आठ पलंग असलेली हॉस्टेल्स मिळतात, जगभरातली माणसं भेटतात. स्वस्तात राहून हिंडण्याची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांनी १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात विद्यार्थ्यांसाठी कायमचं युथ हॉस्टेल सुरू केलं आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली.

मालवणात हॉस्टेलपेक्षा घरगुती मुक्काम जास्त. घराच्या अंगणात किंवा माडीवर दोन-तीन खोल्या, मागे माड, पुढे तुळस आणि स्वयंपाकघरातून येणारा खोबरं-मिरचीच्या वाटपाचा वास. भाषेची अडचण नाही. मालवणी बोली कानाला नवी वाटेल, पण दुसऱ्या दिवसापर्यंत 'खय जातंस?' म्हणजे 'कुठे चाललीस?' हे कळायला लागतं. पहिल्यांदाच घरच्यांशिवाय बाहेर पडणाऱ्या मुलीसाठी ही गोष्ट छोटी नाही. रात्री काही दुखलं-खुपलं तर शेजारच्या खोलीत मराठी बोलणाऱ्या काकू आहेत, हे ऐकून घरी आईलाही झोप लागते.

शिवाय मालवण हे नुसतं पर्यटनासाठी वसवलेलं ठिकाण नाही. ती बाजारपेठ आहे, तालुक्याचं गाव आहे, मासेमारीचं बंदर आहे. पर्यटक नसले तरी गाव चालूच असतं. म्हणून तिथे पर्यटकांच्या दराखेरीज गावकऱ्यांच्या दरातही बरंच काही मिळतं: एसटी, खानावळ, चहाची टपरी, भाजीबाजार.

पोहोचायचं कसं?

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला आणि तळकोकण देशाच्या इतर भागांना खऱ्या अर्थाने जवळ आलं. मालवणला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर. मुंबईहून सकाळी सुटणारी मांडवी एक्स्प्रेस, रात्री सुटणारी कोकणकन्या आणि दादरहून मध्यरात्री निघणारी तुतारी या तिन्ही गाड्या कुडाळला थांबतात.

जबलपूर, नरसिंहपूर, इटारसी या पट्ट्यातून निघणाऱ्यांनी आधी मुंबई गाठावी आणि रात्रीची कोकणची गाडी पकडावी. दोन रात्री गाडीत काढल्या की दोन रात्रींचं खोलीभाडंही वाचतं. मात्र तुमची पहिली गाडी मुंबईत कोणत्या स्टेशनला येते आणि पुढची कुठून सुटते, हे तिकीट काढतानाच पाहून घ्या आणि मध्ये चार-पाच तासांचं अंतर ठेवा. आपल्याकडच्या गाड्या उशिरा येतात, हे गृहीतच धरलेलं बरं. जबलपूरहून कोकण रेल्वेमार्गे कोइमतूरला जाणारी साप्ताहिक विशेष गाडीही चालवली जाते. तिच्या तारखा जुळल्या तर मुंबईतली धावपळ टळते.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकणच्या गाड्यांसाठी त्याच दिवशी तिकीट काढणं शहाणपणाचं, कारण स्लीपरचं तिकीट हुकलं आणि ऐनवेळी खासगी बस घ्यावी लागली, तर तिथेच बजेटची पहिली फळी कोसळते.

कुडाळला उतरल्यावर रिक्षा आधी अंगावर येतील. घाई नसेल तर एसटीने जा. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. आजूबाजूचा जिल्हाही हिंडायचा असेल तर एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार किंवा सात दिवसांची पासयोजना विचारात घ्या. फक्त मालवणातच राहणार असाल तर पास घेऊ नका, सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

हिशेब कागदावर मांडा

घरच्यांची परवानगी हवी असेल तर नुसतं "स्वस्तात होईल" म्हणून भागत नाही. कागद घ्या आणि आकडे लिहा. दोन मैत्रिणी मिळून जबलपूरहून निघाल्या, मालवणात पाच रात्री राहिल्या, तर एकीच्या वाट्याला साधारण असा खर्च येतो. आकडे अंदाजे आहेत, पण थोडे वरच्या बाजूचेच धरले आहेत.

रेल्वे, स्लीपरने जाणं-येणं: १,७०० रुपये.
एसटी आणि स्थानिक फिरणं: ३०० रुपये.
खोली, दोघींत रोज १,२०० रुपये धरून पाच रात्रींचा निम्मा वाटा: ३,००० रुपये.
जेवणखाण, रोज ४५० रुपयांप्रमाणे सहा दिवस: २,७०० रुपये.
किल्ल्याची होडी आणि एखादी नदीतली फेरी: ५०० रुपये.
अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले: १,००० रुपये.

एकूण ९,२०० रुपये. एकटीनेच जायचं असेल तर खोलीचे ३,००० रुपये वाढतील, बाकी हिशेब तोच. गाडीतल्या प्रवासासाठी घरून दशम्या, कोरडी चटणी, चिवडा घेतला की जातानाचा खाण्याचा खर्च जवळजवळ शून्य. महिन्याला हजार रुपये बाजूला टाकले तर दहा महिन्यांत ही सहल उभी राहते. पंधरा-सोळा हजार पगारातही हे जमण्यासारखं आहे आणि स्वतःच्या पैशाने पाहिलेला पहिला समुद्र कोणी कधी विसरत नाही.

वाढत्या खर्चाची तीन कारणं सहसा ठरलेली असतात. पहिलं, चुकीचे दिवस. नाताळ ते नववर्ष, मे महिन्याची सुट्टी आणि जोडून आलेले शनिवार-रविवार या काळात खोल्यांचे दर दुप्पट होतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेच्या दिवसांतही आसपास खोली मिळणं कठीण. या यात्रेची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर आधी चौकशी करा. दुसरं कारण, रोज नवं ठिकाण. आज मालवण, उद्या वेंगुर्ला, परवा गोवा असं केलं की पैसा गाड्यांत जातो. तिसरं, पॅकेज. 'पाच राइड, एक डॉल्फिन, एक स्नॉर्केलिंग' असं सगळं एकत्र विकत घेतलं की दोन तासांत दोन दिवसांचं बजेट संपतं. त्यापेक्षा एकच गोष्ट निवडा आणि ती मनापासून करा.

खोली कशी निवडाल?

राज्यात पर्यटकांसाठी 'निवास-न्याहारी' योजना आहे. तिच्यात नोंदणी झालेली घरं हा पहिल्या सहलीसाठी चांगला पर्याय. फोन करून चार प्रश्न विचारा. एसटी स्टँडपासून किती लांब? न्याहारी धरून दर किती? दाराला आतून कडी नीट लागते का? आणि घरातले लोक त्याच आवारात राहतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता घासाघिशीबद्दल. चार-पाच रात्री राहणार असाल तर "सगळे दिवस मिळून किती घ्याल?" असं विचारणं योग्यच आहे, बहुतेक जण थोडं कमी करतात. पण दर ठरल्यावर रोज चहासाठी, गरम पाण्याच्या बादलीसाठी कटकट करू नका. पहाटे उठून तुमच्यासाठी घावणे घालणारी बाई कुठल्या कंपनीची नोकर नसते, तो तिचा घरधंदा असतो. पावसाळ्यात हे उत्पन्न जवळजवळ थांबतं, जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढणाऱ्या घरात आपण राहतो आहोत, हे लक्षात असू द्यावं.

खायचं काय, किती रुपयांत?

मालवणात येऊन बजेटसाठी उपाशी राहायची गरज नाही, फक्त मागवायचं काय ते कळायला हवं. पापलेट आणि सुरमईच्या थाळ्या महाग असतात. बांगडा तेवढाच मालवणी आणि बराच स्वस्त. खानावळीत बसल्यावर आधी विचारा, "आज ताजी मासळी कोणती?" ज्या दिवशी जे भरपूर मिळालंय तेच खाल्लं तर पैसेही वाचतात आणि चवही मिळते. मासळीचा दर रोज बदलतो, म्हणून दर विचारूनच मागवा. तसं विचारण्यात तिथे कोणाला काही वावगं वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनीही नाराज व्हायचं कारण नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या, वडे आणि उसळ, उन्हाळ्यात फणसाची भाजी, वर सोलकढी. न्याहारीला घावणे-चटणी. दुपारी एक पूर्ण थाळी, रात्री पेज, उसळ-पाव किंवा भुर्जी असं ठेवलं की रोजचे ४५० रुपये पुरतात. परत येताना घरच्यांसाठी बाजारातून मालवणी खाजा घ्या. बेसनाच्या जाड शेवेला गुळाच्या पाकात घोळवून, आलं घालून केलेला हा खाऊ टिकतो, डब्यात मावतो आणि खिशाला परवडतो.

पाच दिवस करायचं काय?

पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. सामान टाका, बाजारातून चक्कर मारा, बंदरावर जा, संध्याकाळी चिवला किनाऱ्यावर बसा. हे सगळं पायी होतं आणि फुकट आहे.

दुसरा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याचा. मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये या जलदुर्गाचं काम सुरू केलं आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं होतं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी असतानाही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं, त्यात सिंधुदुर्ग आहे. होडी ठरावीक वेळाने परत बोलावते. त्यामुळे सकाळी पहिल्या फेऱ्यांमध्येच जा, ऊन कमी असतं आणि गर्दीही. परतल्यावर किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहा. किल्ल्याच्या बांधणीआधीचं पूजन इथे झालं, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी देवबागची एसटी पकडा. वाटेत तारकर्ली लागतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, असा हा भाग आहे. टोकाला नदी समुद्राला मिळते. जाताना बसने आणि येताना थोडं किनाऱ्याने चालत, असं केलं तर दिवस कसा गेला कळत नाही. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा.

चौथ्या दिवशी लवकर उठा. नशीब असेल तर किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. समुद्रात अर्धगोलाकार सोडलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावर ओढत आणतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. यांत्रिक नौका आणि मोठ्या जाळ्यांच्या काळात ही सामुदायिक पद्धत टिकवणं अवघड झालं आहे. म्हणून तिथे जाताना तो कामाचा वेळ आहे हे जाणा. दोरापासून बाजूला उभे राहा आणि फोटो काढण्याआधी विचारा. बऱ्याचदा विचारणाऱ्यालाच "ये, धर दोर" असं बोलावणं येतं.

पाचवा दिवस मोकळा ठेवा. कपडे धुवा, पुस्तक वाचा, पुन्हा त्याच टपरीवर चहा घ्या. कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते आणि त्यात रात्रभर दशावतारी नाटकं चालतात. मुक्कामाच्या घरी विचारा, जवळ जत्रा असेल तर घरच्या मंडळींबरोबर जाता येतं. तिकीट नाही, आमंत्रण नाही, पटांगणात बसायचं आणि पाहायचं.

समुद्राशी घासाघीस नको

बजेट कुठेही कमी करा, सुरक्षिततेत करू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. बोटीत बसण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर आहे का, ते नीट बांधलंय का आणि माणसं जास्त भरली नाहीत ना, हे पाहा. जॅकेट द्यायला टाळाटाळ होत असेल तर उतरा. भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

नदीत पोहणाऱ्यांनी विशेष सांभाळावं. नर्मदेच्या घाटावर पोहायला शिकलेल्याला समुद्र सोपा वाटतो, पण ओहोटीची ओढ वेगळी असते. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्यात उतरूच नका. इतर ठिकाणी उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा आणि कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. पहिल्या सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

आणि घरच्यांसाठी एक कागद मागे ठेवा. त्यावर गाडी क्रमांक, मुक्कामाच्या घराचा पत्ता आणि फोन, रोज फोन करण्याची ठरलेली वेळ एवढं लिहा. मैत्रिणीच्या घरीही तोच कागद द्या. अंधार पडायच्या आत मुक्कामी परत, हा नियम पहिले दोन दिवस पाळा. गावाची ओळख झाली की तुमचं तुम्हालाच कळेल. काही किनाऱ्यांवर नेटवर्क जातं, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ हवीच.

बॅगेत काय?

तीन सुती कपड्यांचे जोड, लवकर वाळणारा पंचा, टोपी, चप्पल, पाण्याची बाटली, स्टीलचा डबा-चमचा, टॉर्च, डासांसाठी मलम, रोजची औषधं, ओळखपत्र आणि ओल्या कपड्यांसाठी एक पिशवी. बॅग उचलून एसटीच्या पायऱ्या स्वतः चढता आल्या पाहिजेत, ही कसोटी. जड बॅग रिक्षा मागते आणि रिक्षा पैसे मागते. आपण नेलेलं प्लास्टिक किनाऱ्यावर न टाकता परत आणायचं, हे सांगायला नको.

मालवणसारख्या गावात सर्वांत स्वस्त मिळणारी गोष्ट म्हणजे निवांतपणा, पण त्यासाठी तिथे थांबावं लागतं. एका दिवसात चार ठिकाणं उरकणाऱ्याला तो मिळत नाही. पाच रात्री एकाच घरात राहिलं की चौथ्या दिवशी टपरीवाला साखर किती ते विचारत नाही आणि घरच्या काकू जेवायला न सांगताच पान वाढून ठेवतात. त्या घराचा फोन नंबर मग जपून ठेवा. पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन जायचं ठरवाल, तेव्हा परवानगी मागायची पाळी त्यांची असेल.